नुसतं ‘सिलिकॉन’ मागू नका

लोणी देवकर, पळसदेव, बिजवडी, भिगवण या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांना, गोठा सांभाळणाऱ्यांना, एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्यांना आणि घरातलं स्वयंपाकपाणी बघणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. दुकानात गेल्यावर ‘सिलिकॉन द्या’ एवढंच बोलून थांबू नका. त्या एका शब्दाखाली आज आपल्याकडे निदान चार निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. एक खत आहे, एक फवारणीतलं स्टिकर आहे, एक खिडकीच्या फटीत भरायची ट्यूब आहे आणि एक दुधाच्या मशिनचं लायनर आहे. चारही कामाच्या वस्तू आहेत. पण एकीच्या जागी दुसरी गेली की नुकसान होतं, आणि ते आपल्याच अंगावर येतं.

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. घरची दोन एकर डाळिंब आहे आणि बांधाला लागून तात्यांची बाग आहे. एका वर्षी मृग बहाराची फळं लिंबाएवढी झाली होती, पावसानं जरा उघडीप दिली होती आणि जो तो फवारणीच्या घाईत होता. सकाळी सातच्या सुमारास तात्यांनी बांधावरून हाक मारली. “सर, जरा इकडं या. औषध फाटलंय.”

दोनशे लिटरच्या निळ्या टाकीत डोकावलो. वर पांढुरक्या गुठळ्या तरंगत होत्या, नासलेल्या दुधावर तरंगतात तशा. काठीनं ढवळलं तर तळाला बसलेला लगदा वर आला. एचटीपी पंपाची गाळणी उघडली तर जाळीवर बुळबुळीत थर होता, बोटानं खरवडला तर निघत होता आणि पुन्हा चिकटत होता. तात्यांनी टाकीत बुरशीनाशक टाकलं होतं. फळं तडकू नयेत म्हणून कॅल्शियम नायट्रेट टाकलं होतं. आणि शेवटी मुलानं आणलेलं ‘सिलिकॉन’. तात्यांच्या मनात स्टिकर होतं. मुलगा दुकानात ‘सिलिकॉन’ एवढंच म्हणाला आणि त्याच्या हातात पोटॅशियम सिलिकेटची बाटली पडली. बाटलीवरचं प्रमाण लिटरला दोन मिली, म्हणून त्यानं चारशे मिली ओतलं. त्याच्या जागी तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं.

फाटायच्या आधी चार ओळी मारून झाल्या होत्या. दोन दिवसांनी त्या ओळींतल्या फळांवर पांढरे ओघळ वाळून बसले. ओल्या फडक्यानं पुसले, निघेनात. तोडणीच्या दिवशी व्यापाऱ्यानं ती फळं बाजूला काढली आणि तात्या काहीच बोलले नाहीत. त्या दिवसापासून हे सगळ्यांना सांगावं असं माझ्या मनात आहे.

आधी नावाचा घोळ सोडवू. सिलिकॉन हे मूलद्रव्य. वाळूत, मुरमात, आपल्या काळ्या कातळात ते ऑक्सिजनला धरून बसलेलं असतं. पृथ्वीच्या कवचात वजनानं ऑक्सिजनच्या खालोखाल तेच, साधारण 28 टक्के. त्यापासून माणसानं कारखान्यात तेल, रबर, पेस्ट असे पदार्थ बनवले, त्यांच्या इंग्रजी नावात शेवटी एक ‘ई’ जास्त असतो. हे नाव नॉटिंगहॅमला शिकवणारे फ्रेडरिक किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिलं. या पदार्थांची घडण कीटोन नावाच्या रसायनांसारखी असेल असं त्यांना वाटलं होतं. तशी ती निघाली नाही, पण नाव टिकलं. म्हणजे घोळ जन्मापासूनचाच आहे. देवनागरीत येताना तो जादा ‘ई’ गळाला आणि दोन्हींचं ‘सिलिकॉन’ झालं. मी वर्गात मूलद्रव्याला ‘सिलिकॉन’ आणि माणसानं बनवलेल्या साखळीवाल्या पदार्थाला ‘सिलिकोन’ लिहितो, आणि इथून पुढं या लेखातही तसंच लिहीन. कृषी सेवा केंद्रांनी फळ्यावर आणि बिलावर एवढा एका अक्षराचा फरक पाळला तर पुष्कळ काम होईल.

आता तात्यांच्या टाकीत काय झालं ते बघू, कारण तिथंच सगळं रसायनशास्त्र आहे.

सिलिकॉनच्या अणूला चार हात असतात, ऑक्सिजनला दोन. सिलिकॉननं चारही हातांनी चार ऑक्सिजन धरले, त्या प्रत्येकानं आपल्या दुसऱ्या हातानं पुढचा सिलिकॉन धरला, आणि हे चहूबाजूंनी वाढत गेलं की होते ती गारगोटी. त्यात मोकळा हातच कुठं उरत नाही, म्हणून ती कठीण. खतातलं सिलिकॉन मात्र अजून दगड झालेलं नसतं. पाण्यात ते सिलिसिक आम्लाच्या रूपात असतं: मधे सिलिकॉन, चारही हातांवर ऑक्सिजन-हायड्रोजनची एकेक जोडी. याच रूपात ऊस आणि भात ते मुळांवाटे उचलतात. उसाचं पान हातावर ओढलं की चरचर कापतं ना, ते पानाच्या कडेला साठलेल्या या सिलिकामुळं. खोड ताठ राहायला, पान उभं राहायला त्याचा उपयोग होतो. कारखान्याच्या बगॅसच्या राखेतही सिलिका भरपूर निघते, कारण उसानं ती जमिनीतून उचललेली असते.

पण या सिलिसिक आम्लाचे दोन रेणू जवळ आले की त्यांची एक खोड आहे. दोघं मिळून पाण्याचा एक रेणू सोडून देतात आणि मधे एक ऑक्सिजन ठेवून एकमेकांना जोडले जातात. चारही हात मोकळे, त्यामुळं जोडणी चारी दिशांनी होते. साखळी न होता जाळं होतं, आणि जाळ्यात पाणी अडकलं की त्याचा खळ होतो, जेली होते. पोटॅशियम सिलिकेट बाटलीत पातळ राहतं ते ती बाटली अतिशय अल्कधर्मी असते म्हणून. तिचा पीएच 11 किंवा त्याहून वर असतो. टाकीतल्या साध्या पाण्यात, आम्लधर्मी औषधांच्या सोबतीला ती ओतली की पीएच उतरतो आणि जोडाजोडी सुरू होते. वर कॅल्शियम असेल तर ते सिलिकेटला धरून साका होऊन खाली बसतं. फळावर वाळलेले ओघळ पुसून निघाले नाहीत, कारण ते निम्मे काचच झाले होते.

म्हणून सिलिकेटचं खत द्यायचं तर एकटं द्या. कॅल्शियमबरोबर, आम्लाबरोबर, फॉस्फरिक आम्लावर आधारलेल्या विद्राव्य खतांबरोबर एका टाकीत घालू नका. ठिबकमधून दिलं तर त्याच्या आधी आणि नंतर साधं पाणी सोडा. ड्रिपरच्या आत एकदा जेली बसली की ती काढायला लॅटरल बदलण्याशिवाय फारसा मार्ग उरत नाही.

आता दुसरी वस्तू. त्याच सिलिकॉनच्या चार हातांपैकी दोन हात मिथिल नावाच्या गटांनी कायमचे बांधून टाकले तर? मिथिल म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, तेलकट, पाण्याला जवळ न करणारा. उरले दोनच हात. दोन हातांनी जाळं होत नाही, ओळ होते: सिलिकॉन, ऑक्सिजन, सिलिकॉन, ऑक्सिजन. उसाची कांडी डोळ्यांसमोर आणा. कांड्याच्या जागी सिलिकॉन, पेराच्या जागी ऑक्सिजन, आणि प्रत्येक कांड्यावर दोन्ही बाजूंना दोन पानं असावीत तसे दोन मिथिल. हे सिलिकोन. जोडणी तीच, तात्यांच्या टाकीत झाली ती, दोघांत एक पाण्याचा रेणू सोडून होणारी. फक्त दोन हात बांधलेले असल्यामुळं गारगोटीच्या जागी तेल मिळतं. माझ्या लेखी या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे आणि दरवर्षी ती शिकवताना मला नव्यानं आनंद होतो.

हे दोन हात बांधायचं स्वस्त तंत्र सापडलं 1940 च्या मे महिन्यात. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत युजीन रोचो यांनी सिलिकॉनच्या भुकटीवरून मिथिल क्लोराइड वायू सोडला, तांब्याच्या सोबतीनं, 300 अंशांच्या आसपास. जर्मनीत रिचर्ड म्यूलर त्याच सुमारास स्वतंत्रपणे तिथंच पोचले. आजही जगातलं बहुतेक सिलिकोन याच वाटेनं येतं.

साखळी आखूड असली तर पाण्यासारखं पातळ तेल, लांब असली तर मधासारखं दाट. साखळ्या एकमेकींना अधूनमधून बांधल्या तर रबर. मधेमधे तीन हात मोकळे असलेले सिलिकॉन घातले तर टणक लेप. साखळीच्या टोकाला एकच हात मोकळा असलेला सिलिकॉन बसवला की ती तिथं थांबते. कारखान्यातला माणूस या एक, दोन, तीन, चार हातांचं प्रमाण बदलत बदलत हवा तो पदार्थ बनवतो.

या साखळीचे गुण-दोषही घडणीतूनच येतात. सिलिकॉन-ऑक्सिजन जोड कार्बन-कार्बनपेक्षा बळकट आहे. तोडायला मोलमागे साधारण 450 किलोज्यूल लागतात, तिकडे 350 पुरतात. म्हणून सिलिकोन रबर 200 अंशांपर्यंत टिकतं. ऑक्सिजनच्या पेरावर पान नाही, काही नाही, त्यामुळं साखळी त्या ठिकाणी सैल वळते आणि उणे 120 अंशांच्याही खाली जाईपर्यंत काचेसारखी आखडत नाही. बाहेरून सगळे तेलकट मिथिल, म्हणून पाणी चिकटत नाही. आणि दोष? सिलिकॉन-ऑक्सिजनचा तोच जोड उष्णतेला दाद देत नाही, पण तीव्र आम्ल किंवा तीव्र अल्कली लागली की तुटतो. हा एक दोष लक्षात ठेवा. पुढं सांगतो त्यातलं निम्मं त्यातूनच निघतं.

स्टिकरबद्दल मी जास्त बोलणार आहे, कारण ते आपल्याकडे हंगामात घरोघरी वापरलं जातं आणि सर्वांत बेफिकिरीनं वापरलं जातं. लेबलवर ‘ऑर्गनोसिलिकॉन’, ‘ट्रायसिलोक्झेन’ किंवा ‘सिलिकॉन बेस्ड स्प्रेडर’ असं लिहिलेलं असतं. ट्रायसिलोक्झेन म्हणजे सिलिकोनची अगदी आखूड कांडी: तीन सिलिकॉन, मधे दोन ऑक्सिजन, अंगावर सात मिथिल, आणि मधल्या कांड्याला पाण्यात विरघळणारी एक लांब शेपटी. मिथिलचा चपटा भाग पानाच्या मेणावर आडवा पसरतो, शेपटी पाण्यात राहते आणि थेंब सपाट होतो. पाण्याचा पृष्ठताण 72 असतो, कपड्याच्या साबणानं तो 30-35 वर येतो, या स्टिकरनं 21-22 वर.

घरी करून बघा. परसातल्या अळूचं पान घ्या. त्यावर साध्या पाण्याचा थेंब सोडा. तो मोत्यासारखा घरंगळेल. अळवावरचं पाणी आपण म्हणतो ते हेच. मग स्टिकर घातलेल्या पाण्याचा थेंब त्याच पानावर सोडा. दोन-चार सेकंदांत तो पसरून दिसेनासा होतो, नुसता ओला डाग राहतो. कांद्याच्या पातीवरही असंच. इतकं पसरणारं पाणी पानाच्या छिद्रांतूनही आत जातं. हाच त्याचा फायदा आणि हाच धोका.

पहिलं, प्रमाण. थोडं जास्त टाकलं तर जास्त चिकटेल हा समज सोडा. याला आपण ‘स्टिकर’ म्हणतो, पण चिकटवणं हे त्याचं काम नाही, पसरवणं आहे. प्रमाणाबाहेर गेलं की द्रावण पानावर थांबतच नाही, टोकावरून ओघळून जमिनीवर जातं आणि औषधाचे पैसे मातीत जातात. शिवाय औषध पानात गरजेपेक्षा खोल शिरलं की पान करपतं. तांबं असलेल्या औषधांबरोबर हे चटकन होतं. लेबलवर असेल त्या मापानंच घ्या, आणि माप झाकणानं घेऊ नका. दहा-वीस रुपयांची सिरिंज आणून ती त्याच कामाला ठेवा.

दुसरं, पाणी आणि वेळ. आता तो दोष आठवा. बाटलीत पाणी नसतं म्हणून स्टिकर वर्षभर टिकतं. टाकीत पडलं की त्याचा सिलिकॉन-ऑक्सिजनचा जोड पाण्याला उघडा पडतो. पीएच 6 ते 8 च्या दरम्यान असेल तर फारसं बिघडत नाही. त्याच्या बरंच खाली किंवा वर गेलं की काही तासांत, फार तर एका दिवसात, साखळी तुटते आणि पसरण्याचा गुण जातो. टाकीत रंग तोच, वास तोच, वरून काही कळत नाही. आपल्याकडच्या कित्येक बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी आहे. म्हणून आधी पाण्याचा पीएच कागदाच्या पट्टीनं बघा. आधी औषध, स्टिकर सगळ्यात शेवटी, आणि कालवलेलं त्याच दिवशी संपवा. पाऊस आला म्हणून अर्धी टाकी दुसऱ्या दिवसावर ठेवली असेल तर तिच्यावर भरवसा ठेवू नका. तेल्या रोगासाठी बोर्डो मिश्रण मारता ना? त्यात हे स्टिकर घालू नका. बोर्डोतला चुना त्याला टिकू देत नाही. डाळिंबात कशाबरोबर काय चालतं ते सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या वेळापत्रकात बघून घ्या.

तिसरं, मधमाश्या. ही गोष्ट मला फार लागते. डाळिंबाची फळधारणा होते ती बरीचशी माशीच्या जोरावर, आणि आपणच फुलोऱ्यात भर सकाळी फवारतो. 2012 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की ऑर्गनोसिलिकॉन स्टिकर पोटात गेलेल्या मधमाशीची वास ओळखायची, लक्षात ठेवायची ताकद मंदावते. म्हणजे औषध नसलं, नुसतं स्टिकर असलं तरी. फूल ओळखता न येणारी माशी आपल्या काय कामाची? फुलोऱ्यात शक्यतो स्टिकर टाळा. मारायचंच झालं तर माश्या परतल्यावर, सूर्य कलल्यावर मारा.

आणि फवारणाऱ्या माणसाचा विचार करा. जे पाणी अळूच्या पानालाही भिजवतं ते सुती शर्टाला आणि कातडीला सोडेल का? स्टिकर घातलं की नेहमीचा फडका नाकाला बांधून भागत नाही. डोळ्यांना हे चुरचुरतं. चष्मा, हातमोजे, बंद बाह्या वापरा. मजूर लावला असेल तर त्याच्यासाठी या वस्तू मालकानं आणायच्या असतात, त्यानं मागायची वाट बघायची नसते.

बाकीच्या वस्तू जरा भरभर घेतो.

दुधाचं मशिन. काळं रबरी लायनर साधारण 2500 धारांनंतर बदलायचं असा दूधधंद्यात हिशोब आहे. दहा गाईंना एकच क्लस्टर लावत असाल तर दोन वेळच्या वीस धारा, म्हणजे चार महिने. सिलिकोनचं लायनर याहून जास्त चालतं, गार पडलं तरी मऊ राहतं, सडाला चांगलं. पण त्याला नखाएवढी चीर पडली तरी ती पसरत जाते. चाकू, तार, उंदीर यांपासून जपा. आणि धुण्याचं अल्कलीचं पाणी मापानंच करा, दोष तोच. आपल्याकडे ‘जरा कडक टाकलं की स्वच्छ निघतं’ म्हणतात. त्यानं लायनर आतून खरबरीत होतं आणि खरबरीत जागेत दुधाचा साका धरतो.

ठिबक. पीसी ड्रिपरच्या पोटात रुपयाहून लहान असा एक मऊ पडदा असतो, तो बहुधा सिलिकोन रबराचा असतो. दाब वाढला की तो दबून वाट अरुंद करतो, म्हणून चढावरच्या आणि उतारावरच्या झाडाला सारखंच पाणी मिळतं. आम्लप्रक्रिया जरूर करा, पण कंपनीच्या पत्रकात दिलेल्या तीव्रतेची आणि तेवढाच वेळ, आणि नंतर लॅटरलची टोकं उघडून धुऊन काढा.

ट्यूब. स्लायडिंगवाला ‘सिलिकॉन मारून देतो’ म्हणतो ती. ट्यूब कापल्यावर शिर्क्याचा, म्हणजे व्हिनेगरचा वास आला तर ती अ‍ॅसिटॉक्सी जातीची. हवेतली ओल घेऊन ती घट्ट होते आणि घट्ट होताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडते. काचेला उत्तम. पण कडप्पा, संगमरवर, सिमेंट यांच्यात चुना असतो, त्यांना हे आम्ल खातं आणि पकड सुटते. तांब्याची तार हिरवी पडते, जस्ताचा पत्रा गंजतो. मोटारीच्या स्टार्टरपाशी, सोलरच्या जोडणीपाशी ही ट्यूब लावू देऊ नका. ‘न्यूट्रल’ लिहिलेली मागा. दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच आतपर्यंत वाळते, म्हणून जाड थर एकदम भरू नका. जुन्या सिलिकोनवर नवं चिकटत नाही, रंगही बसत नाही. आधीचं पूर्ण खरवडून काढावं लागतं. गॅरेजमधल्या पोरांनो, तुम्हालाही: सिलिकोनचं पॉलिश चोळलेल्या गाडीवर रंग मारला की माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात ते याच तेलकट मिथिलमुळं.

स्वयंपाकघरात बायाबापड्या ‘सिलिकॉन’ ऐकून घाबरतात, त्यांना सांगायचं ते उलटं आहे. खाद्यतेलाच्या पिशवीवर 900ए हा आकडा दिसला तर ते सिलिकोनच, फेस मारायला घातलेलं, आणि त्याची मर्यादा किलोला 10 मिलिग्रॅम आहे. पोटात गुबारा धरल्यावर आपण घेतो त्या बऱ्याच गोळ्यांत, तान्ह्या बाळाच्या पोटदुखीच्या थेंबांत सिमेथिकोन असतं. तेही तेच. फेसाचे बारीक बुडबुडे फोडतं, अंगात शोषलं जात नाही, आल्या वाटेनं निघून जातं. भीती बाळगायची ती नकली मालाची. सिलिकोनच्या नावावर दुसरंच रबर विकतात. साच्यासाठी, कालथ्यासाठी, बाळाच्या बाटलीच्या बुचासाठी घेताना लेबलवर ‘फूड ग्रेड’ आहे का बघा. शंका आली तर फेकायच्या एखाद्या जुन्या तुकड्याची कड अंगणात, वारा पाठीमागं घेऊन, चिमट्यात धरून जाळून बघा. सिलिकोन जळून मागं पांढरी राख राहते, कारण त्यातला सिलिकॉन पुन्हा वाळूच्या रूपात येतो. काळाकुट्ट धूर आणि वितळून टपकणारे थेंब दिसले तर ते सिलिकोन नव्हे. पांढऱ्या राखेवरून मात्र पक्की खात्री धरू नका. खडूची भेसळ असली तरी राख पांढरीच राहते.

एमआयडीसीतल्या भावांनो, तुम्ही केमिकलच्या ड्रमजवळ काम करता. सिलिकोन तेल फरशीवर सांडलं तर त्यावर पाणी मारू नका. पाण्यानं ते जात नाही, पसरतं, आणि इतकं निसरडं होतं की बूट घातलेला माणूस आडवा होतो. आधी वाळू किंवा भुसा टाका, गोळा करा, मग साफ करा. ज्या सिलिकोनच्या लेबलवर हायड्रोजनचा उल्लेख असतो त्याचा अल्कलीशी, सोड्याशी संपर्क आला की पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. त्याचं भांडं वेगळं, आणि सोड्याचा मग त्यात बुडवायचा नाही. रिकामे ड्रम गावात स्वस्तात येतात. धुऊन त्यात जनावरांचं पाणी, पेंड, लग्नातलं पिण्याचं पाणी भरलेलं मी पाहिलं आहे. आत काय होतं ते लिहिलेलं असो वा नसो, केमिकलचा ड्रम खाण्यापिण्याच्या कामाला घेऊ नका. तिथं जुनी ओळख, फुकटचा ड्रम, यांतलं काही मधे येऊ देऊ नका.

राहिला उजनी धरणाचा फुगवटा. आपल्या कित्येक शेतांचा उतार तिकडंच आहे. भिगवणच्या बाजाराला मासळी त्याच पाण्यातून येते आणि हिवाळ्यात रोहित पक्षी त्याच उथळ गाळात उतरतात. ट्रायसिलोक्झेनसारखी स्टिकरं माशांना घातक असतात, त्यात औषध मिसळलेलं असलं तर विचारायलाच नको. पंप आणि टाकी कालव्यात, चारीत, फुगवट्याच्या कडेला धुऊ नका. वावराच्या मधोमध, विहिरीपासून लांब धुवा आणि ते पाणी फवारलेल्या पिकावरच पुन्हा मारून संपवा.

लेबलवरची अक्षरं बारीक असतात, बऱ्याचदा इंग्रजीत असतात, हे मला ठाऊक आहे. मोबाईलवर फोटो काढून तो मोठा करून बघा, घरातल्या शाळकरी पोराकडून वाचून घ्या. ‘सिलिकेट’ किंवा ‘ऑर्थो सिलिसिक’ दिसलं तर ते खत. ‘सिलोक्झेन’ किंवा ‘ऑर्गनो’ दिसलं तर स्टिकर. दुकानात मागताना हेच शब्द वापरा आणि बिलावर पूर्ण नाव लिहून घ्या. दोन बाटल्या एकत्र करायच्या आधी काचेच्या ग्लासात दोन्ही चमचा-चमचा, टाकीतल्याच पाण्यात कालवून अर्धा तास ठेवून बघा. फाटायचं असेल तर तिथंच फाटेल. इतकं करूनही उलगडा झाला नाही तर बारामतीला माळेगावच्या शारदानगरात कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथं जा, आणि जाताना बाटली सोबत न्या.